राणीची बाग : पिंजऱ्यांपलीकडे पाहण्याजोगे बरेच काही

अमरावती-अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांच्या ‘मुंबई दर्शना’त राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय ही दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. मुलांना वाघ दाखवायचा, मासे दाखवायचे आणि मग चौपाटीवर भेळ. यातील मत्स्यालय आता यादीतून वगळावे लागेल. राणीच्या बागेत मात्र आवर्जून जावे. फक्त बहुतेक पर्यटक तेथे जे पाहायला जातात, त्याहून मोलाचे असे बरेच काही न पाहताच परततात.

भायखळ्याचे हे स्थळ मुळात प्राणिसंग्रहालय नव्हतेच. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने वनस्पतिउद्यान म्हणून खुले झाले. शेती व फळबागांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेकडे त्याची व्यवस्था होती. १८७३ मध्ये ती संस्था मोडीत निघाली आणि बाग पालिकेकडे आली. मूळची जागा ३३ एकर. प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडली गेली ती १८९० मध्ये, म्हणजे झाडे रुजून जवळपास तीन दशके झाल्यानंतर. आज या बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असले, तरी टॅक्सीवाल्याला ‘राणीची बाग’ हेच कळते.

येथे तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. आफ्रिकेतून आलेली, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुले-फळे धरणारा कैलासपती आणि मूळची म्यानमारची उर्वशी ही त्यांतील ठळक नावे. लाल-पिवळ्या फुलांचे घोस लोंबणारी उर्वशी नेमकी बहरलेली सापडणे हा नशिबाचा भाग. उन्हाळी सुटीत येणाऱ्यांना या वृक्षराजीचा आणखी एक लाभ म्हणजे भर दुपारीही चालता येईल एवढी सावली.

ही झाडे आज उभी आहेत, याचे बरेचसे श्रेय जागरूक नागरिकांना द्यावे लागेल. २००७ च्या सुमारास महापालिकेने उद्यानाच्या नूतनीकरणासाठी सुमारे ४३३ कोटी रुपयांचा आराखडा पुढे आणला. प्राण्यांसाठी नवे बांधकाम करताना जुन्या वनस्पतिउद्यानावर घाला पडेल, असा आक्षेप घेत काही मुंबईकरांनी झाडांची नोंद केली आणि चिकाटीने पाठपुरावा केला. तो आराखडा मूळ स्वरूपात पुढे गेला नाही.

पेंग्विनसाठी आज सर्वाधिक गर्दी होते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतील एक त्याच वर्षी दगावला. उर्वरित २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहता येऊ लागले. हा पक्षी बर्फातला नव्हे, तर पेरू-चिलीच्या खडकाळ किनाऱ्यावरचा, हे मुलांना जरूर सांगावे. तेथील समुद्रप्रवाह थंड असतो, म्हणूनच मुंबईत त्याला वातानुकूलित दालन लागते. २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी येथे आली, ती आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून.

आवारातच ‘काळा घोडा’ही आहे. राजा सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून येथे हलवला गेला. फोर्टातल्या त्या चौकाला नाव मात्र अजून त्याचेच! शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत कोसळून फुटला. पुढे तुकडे सांधून त्याला पुन्हा उभे करण्यात आले.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. सुमारे आठ लाखांच्या खर्चापैकी दोन लाख रुपये ज्या पारशी दात्याने दिले, त्याचेच नाव त्याला मिळाले. २०१५ मध्ये काचेच्या बोगद्यासह त्याचे नूतनीकरण झाले. पण २०२० च्या टाळेबंदीत लागलेले कुलूप, इमारत धोकादायक ठरल्याने, पुढे निघाले नाही. जुन्या आठवणीवर विसंबून चर्नी रोडला उतरणाऱ्यांची निराशाच होईल.

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाग चालत दहा मिनिटांवर आहे. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. तेव्हा परतीचे आरक्षण करताना वार पाहावा. प्रवेशशुल्क २०१७ मध्ये पाच रुपयांवरून ५० रुपये झाले. तिकीट खिडकी सायंकाळी उद्यानाच्या आधी बंद होते, म्हणून सकाळीच पोहोचलेले बरे.

मुंबई जमत नसेल, तर जवळचे म्हणजे नागपूरचे १८९४ चे महाराजबाग प्राणिसंग्रहालय. तेही मुळात भोसलेकालीन बागच. त्याचा कारभार अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे, तेथील कृषी महाविद्यालयामार्फत चालतो, हे खुद्द अकोल्यातही फारसे कुणाला ठाऊक नसते. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्रुटींवर बोट ठेवत त्याची मान्यता काढली होती. विद्यापीठाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि महाराजबागेचे दरवाजे उघडे राहिले.