वळवात विजेचा फोटो कसा काढायचा?

एप्रिल-मे महिन्यांत गारगोटी परिसरात दुपारनंतर ढग दाटतात आणि वळीव कोसळतो. वीज दिसली की बटण दाबायचं, असं अनेकांना वाटतं. पण तोवर ती विझलेली असते. म्हणून शटर आधीच उघडं ठेवून वाट पाहायची.

अंधार पडल्यावर मोबाइल ट्रायपॉडवर लावा. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १० सेकंद आणि फोकस मॅन्युअल करून सर्वांत लांबवर ठेवा. फोटो काढत राहा. बहुतेक काळेच येतील. पांढरे पडले तर शटरची वेळ कमी करा. दिवसा मात्र सरळ व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम घ्या.

हे सगळं घरातूनच, बंद खिडकीमागून करायचं. खोलीतला दिवा मालवा, नाहीतर काचेत तोच दिसेल. गच्ची, झाडाखालची जागा, भुदरगडाचा माथा यांचा मोह नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागा, अंतर किलोमीटरमध्ये कळेल. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा मोबाइल व्हिडिओवर ठेवून खिडकीपासून लांब व्हा. चार्जरची वायर आधीच काढलेली हवी. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप विजेची पूर्वसूचना देतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.