विहार ते वैतरणा : मुंबईच्या तहानेचा हिशेब

महानगराच्या विकासाची चर्चा आपल्याकडे मेट्रो, उड्डाणपूल आणि चटईक्षेत्र यांच्या भाषेत होते, तर पर्यावरणाची चर्चा झाडे, खारफुटी आणि बिबटे यांच्या भाषेत. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलतात, पण एकमेकांचे हिशेब तपासत नाहीत. हा हिशेब तपासायचा तर मुंबईचा इतिहास पाण्याच्या अंगाने वाचावा, असे मला वाटते. तसा वाचला की एक गोष्ट लक्षात येते. विकास आणि निसर्ग यांचा तोल या शहराने एका ठिकाणी दीर्घकाळ सांभाळला, तो निसर्गप्रेमापोटी नव्हे, तहानेपोटी. आणि पाणी दुरून येऊ लागले, तसतशी त्या सांभाळण्यामागची जाणीव विरत गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलावांवर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, मुंबादेवीचा तलाव यांतले पाणी आज आटले आहे, काही ठिकाणी नावे तेवढी उरली आहेत. विहीर खोदणे, तलाव बांधणे हे धनिकांचे धर्मकृत्य होते. परंतु बंदर वाढले, १८५३ मध्ये रेल्वे धावली, माणसे येत राहिली आणि धर्मकृत्यांवर शहराची तहान भागेना. १८५० च्या दशकात टंचाईची अशीही वर्षे आली, की पाणी बाहेरून आणून विहिरींत ओतावे लागले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने साष्टीतल्या डोंगरांत मिठी नदीच्या उगमाकडचा प्रवाह अडवण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये विहारचे काम सुरू झाले. कावसजी दावरांची सूतगिरणीही त्याच वर्षी चालू झाली. गिरण्यांची मुंबई आणि नळाच्या पाण्याची मुंबई अशा जोडीनेच जन्माला आल्या. १८६० मध्ये विहारचे पाणी शहरात पोहोचले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ही नवलाई जेमतेम तीन वर्षांची होती.

विहारच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते धरणाच्या भिंतीपेक्षा भोवतीचे पाणलोट क्षेत्र. त्या काळी तलावाचे पाणी शुद्ध ठेवण्याचा मुख्य उपाय एकच होता : ज्या उतारांवरून ते येते, ते उतार स्वच्छ राखणे. म्हणून तिथली वस्ती, शेती आणि गुरे दूर ठेवण्याचे धोरण आले. १८७९ मध्ये शेजारी तुळशी तलाव झाला आणि राखीव क्षेत्र वाढले. पुढे याच डोंगरांवर राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या अरण्याकडे बोट दाखवून आपण मुंबईच्या नशिबाचे कौतुक करतो. त्या नशिबामागे नगरपालिकेचा रोकडा स्वार्थ होता, हे विसरतो. ज्यांना तिथून उठवले त्यांचा त्यागही विसरतो.

शेजारच्या पवईची कहाणी उलट आहे. तानशाचे काम चालू असताना तातडीची सोय म्हणून १८९१ च्या सुमारास पवईचा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही, ते उद्योगांकडे आणि आरे वसाहतीकडे वळले. तलाव पिण्याचा नाही म्हटल्यावर त्याचे उतार राखण्याची निकड कोणाला उरली नाही. भोवतीचे डोंगर फुटले, इमारती आल्या, सांडपाणी आले, पाण्यावर जलपर्णी पसरली. पाऊस तोच, डोंगररांग तीच, दोन तलावांत अंतरही फारसे नाही. एकाच्या काठी जंगल राहिले, दुसऱ्याच्या काठी ‘तलावदर्शी’ सदनिका विकल्या गेल्या. फरक पडला तो एवढ्याने, की एका तलावाचे पाणी शहर पीत होते. विहार आणि पवई या दोन्ही तलावांचे ओसंडणारे पाणी मिठी नदीत येते. नदीचा खालचा काठ भराव आणि बांधकामांनी आवळत गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीने आपली जागा परत मागितली.

तानसा हे या इतिहासाचे वळण. मेजर हेक्टर टुलक यांनी सुचवलेले हे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत आणि तिथून शहरापर्यंत जलवाहिनी, असा तो त्या काळचा मोठा पराक्रम होता. परंतु पाणी आता डोळ्यांसमोरच्या डोंगरातून न येता शहापूरच्या जंगलातून येऊ लागले. नागरिकाला दिसणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे नळ.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर वाढतच गेले. यात एक योगायोग मला बोलका वाटतो. नी. वि. मोडक या अभियंत्यांनी आल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा मांडली. वैतरणेवर १९५७ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाला त्यांचेच नाव मिळाले : मोडकसागर. शहर कसे पसरावे हे सांगणारा माणूस आणि त्याला पाणी आणणारा माणूस तेव्हा एकच होता. पुढे ही दोन कामे वेगवेगळ्या दालनांत गेली. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज शहराला रोज चारशे कोटी लिटरच्या आसपास पाणी मिळते, त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातशाचे. विहार-तुळशीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास उरला आहे.

१९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०१९ मध्ये प्रदेशाची हद्द वाढून ६,३२८ चौरस किलोमीटर झाली. त्या वाढीत पालघर, अलिबाग, पेण, खालापूर इकडचा मुलूख आला. शहापूर आणि मोखाडा आले नाहीत. म्हणजे जिथे जमीन विकायची आहे तो भाग नकाशात आणि जिथून पाणी प्यायचे आहे तो भाग नकाशाबाहेर. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायका हंडे घेऊन उभ्या असतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तिथे अक्षरशः खरी आहे.

आता तानसा अभयारण्याच्या जंगलात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. रोज ४४ कोटी लिटर पाणी त्यातून मिळावे अशी अपेक्षा आहे. तो कधी बाजूला ठेवला गेला, कधी पुन्हा पुढे आला. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना निघाली, पण त्यासाठी वीज भरपूर लागते. गळती थांबवणे आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, हे उपाय त्या मानाने कमी दिमाखाचे आहेत. त्यांचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून बहुधा ते मागे पडतात.

मुंबईने वाढू नये, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, या शहराने लाखोंना पोटाशी धरले आहे. पण ‘शाश्वत विकास’ या शब्दाचा तिथे एक रोखठोक अर्थ करता येईल. नव्या टोलेजंग इमारतीला परवानगी देताना तिचे पाणी कोणत्या नदीचे, तिचे सांडपाणी कुठे जाणार आणि ज्या पाड्याच्या उशाशी ते धरण आहे त्या पाड्याच्या नळाला पाणी केव्हा येणार, ही तीन उत्तरे त्याच फायलीत असावीत. विहारच्या काळी हा हिशेब एका दरीत मावत होता. आज तो चार-पाच तालुक्यांत पसरला आहे, म्हणून तो मांडायचाच नाही असे नव्हे. उलट, विकासाच्या नकाशात शहापूर आणि मोखाडा घेणे, हीच त्याची पहिली ओळ आहे.