बीड जिल्ह्यातील रेल्वे व बाष्पशक्ती

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्याच्या नागरी वाढीवर रेल्वेचा व बाष्पशक्तीचा झालेला परिणाम हा या लेखाचा विषय आहे. जिल्ह्यातील परळी वैजनाथ या गावी १९३० च्या सुमारास लोहमार्ग आला आणि त्याच मार्गाच्या आधारे १९७१ पासून तेथे औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहरात मात्र पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी धावली. एकाच जिल्ह्यातील दोन शहरांच्या रेल्वेप्राप्तीत सुमारे ९५ वर्षांचे अंतर पडल्यामुळे, लोहमार्गाने गावाचे काय होते आणि त्याच्या अभावाने काय होते, हे येथे शेजारी शेजारी पाहता येते.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका

रेल्वे आणि वाफेचे इंजिन यांमुळे शहरे कशी वाढतात याची अभ्यासकांपुढील जुनी उदाहरणे इंग्लंडमधील आहेत. वाफेचे इंजिन येण्यापूर्वी तेथील कापडगिरण्या पाणचक्कीवर चालत. त्यामुळे वाहत्या ओढ्या-नद्यांचा काठ सोडून त्यांना जाता येत नसे. वाफेने हे बंधन सैल केले. कोळसा जेथे स्वस्त मिळेल तेथे गिरणी उभी राहू लागली व मँचेस्टरसारख्या शहरात कामगारांची दाट वस्ती झाली. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला. त्यानंतर केवळ रेल्वेच्या आधारावर वसलेली गावेही दिसू लागली. क्रू आणि स्विंडन ही रेल्वे कारखान्यांभोवती वाढली, तर मिडल्सबरो हे खेडे कोळसा जहाजात भरण्यासाठी लोहमार्ग तेथवर आणल्यामुळे काही दशकांत शहर झाले. तेथे वाफ आणि रूळ जवळजवळ एकाच पिढीत आले. बीड जिल्ह्यात आधी रूळ आले आणि उद्योगाची वाफ चाळीस वर्षांनी आली.

निजामकालीन लोहमार्ग

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील वाडी–सिकंदराबाद हा पहिला लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. पुढे १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, जालना व औरंगाबाद या गावांवरून पूर्ण झाला. हा मार्ग गोदावरीच्या उत्तरेने गेला आणि नदीच्या दक्षिणेकडील बीड जिल्हा बाजूला राहिला. पश्चिमेला ब्रिटिश मुलखातील दौंड–मनमाड मार्ग अहमदनगरवरून १८७८ मध्येच झाला होता. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. तीन दिशांना रूळ आणि मध्ये बैलगाडीची वाट अशी जिल्ह्याची स्थिती झाली. रेल्वे मिळालेली जालना व लातूर ही गावे मोठ्या व्यापारपेठा म्हणून नावारूपाला आली. नांदेडला उस्मानशाही कापडगिरणी उभी राहिली. कापूस पिकवणाऱ्या बीड जिल्ह्यात असे काही घडले नाही.

परळी वैजनाथ जंक्शन

१९३० च्या सुमारास परभणीकडून मीटरगेज आणि विकाराबाद–बिदरकडून ब्रॉडगेज असे दोन मार्ग परळीला येऊन मिळाले. रुळांची रुंदी वेगळी असल्याने एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे व प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. रेल्वेच्या दृष्टीने ही अडचण होती. परंतु जेथे माल थांबतो तेथे हमाल, गोदाम, अडत आणि खाणावळ यांना काम मिळते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या वैजनाथाच्या दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंनाही रेल्वेची सोय झाली. १९९० च्या दशकात परभणी–परळी मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि गाडी बदलण्याची गरज संपली. हे स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात मोडते. बंगळूर–नांदेड एक्सप्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या येथून जातात.

औष्णिक विद्युत केंद्र

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने परळी येथे ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू केला. १९८० ते १९८७ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २००७, २०१० व २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगावॅटचे आणखी तीन संच कार्यान्वित झाले. जुने संच टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. मंडळाच्या विभाजनानंतर २००५ पासून केंद्राचा कारभार महानिर्मिती कंपनीकडे आहे.

जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. विदर्भ व तेलंगणातील खाणींतून मालगाड्यांनी येणारा कोळसा दळून त्याची भुकटी बाष्पित्रात जाळली जाते. उच्च दाबाची वाफ टर्बाइनची पाती फिरवते, टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते आणि वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाते. वाफ थंड करण्याच्या या टप्प्यावर सर्वाधिक पाणी खर्च होते.

इंग्लंडच्या उदाहरणाशी तुलना येथे उलटी पडते. तेथे वाफेने गिरणीला नदीकाठापासून मोकळे केले. परळीत वाफेनेच केंद्राला नदीशी बांधून ठेवले. केंद्राला पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून मिळते आणि त्या बंधाऱ्यात पाणी येणे वरच्या धरणांतील साठ्यावर अवलंबून असते. दुष्काळामुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रातील वीजनिर्मिती थांबवावी लागली. जुलै २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. कोळसा रुळांवरून आणता येतो, परंतु एवढे पाणी आणता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवण्यात आले, तेव्हा पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. पिण्यासाठी तो मोठा आधार होता. औष्णिक केंद्राची एका दिवसाची गरज त्याच्या कित्येक पटींनी अधिक असते.

केंद्रामुळे परळीत नोकरदारांची वसाहत, कंत्राटी कामगारांचा वर्ग आणि राखेपासून विटा तयार करण्याचा व्यवसाय वाढला. त्याचबरोबर उडणाऱ्या राखेचा त्रासही गावाच्या वाट्याला आला. २०११ च्या जनगणनेनुसार परळीची लोकसंख्या सुमारे ९१ हजार होती. मुख्यालय असलेल्या बीडची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ लाख ४७ हजार होती. तालुक्याच्या एका गावाने जिल्ह्याच्या शहराच्या निम्म्याहून पुढे जावे, यात रूळ व वीजकेंद्र यांचा मोठा हात आहे. तरीही परळी क्रूसारखे कारखान्यांचे शहर झाले नाही. येथे तयार होणारी वीज राज्याच्या जाळ्यात जाते. तिच्यावर चालणारे कारखाने परळीतच असण्याचे कारण उरत नाही.

रेल्वेविना राहिलेली गावे

अंबाजोगाई, म्हणजे निजामकाळातील मोमिनाबाद, ही लष्करी छावणी होती. लोहमार्ग तालुक्यातील घाटनांदूरवरून गेला. गावाला रूळ मिळाले नाहीत. गावाची पुढील ओळख शिक्षण व वैद्यकीय सेवेमुळे झाली. तेथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. बीड, गेवराई, माजलगाव, केज व पाटोदा येथील वाहतूक रस्त्यांवरच अवलंबून राहिली. बीडहून सर्वांत जवळचे मोठे स्थानक परळी हेच, तेही सुमारे ९० किलोमीटरवर होते. मोठे उद्योग न आल्याने जिल्ह्यातील लाखो कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. हा प्रवास ट्रक व ट्रॅक्टरने होतो. या स्थलांतराला कोरडवाहू शेती आणि वारंवारचा दुष्काळ ही कारणे अधिक मूलभूत आहेत. केवळ रेल्वेच्या अभावाला सर्व दोष देणे योग्य ठरणार नाही.

अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग

सुमारे २६१ किलोमीटरच्या या मार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. भूसंपादन, निधी व बालाघाटच्या डोंगराळ भागातील बांधकाम यांमुळे काम अनेक वर्षे रेंगाळले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला. पुढे राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते आष्टी या ६६ किलोमीटरच्या टप्प्यावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी डेमू गाडी सुरू झाली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, ही सेवा बीडपर्यंत आली. बीडच्या पुढे वडवणी, सिरसाळा या मार्गाने परळीला जोडणी मिळाल्यावर मध्य रेल्वेचा दौंड–मनमाड मार्ग आणि परळी जंक्शन एकमेकांना थेट जोडले जातील.