आगंतुक पोळे (मधपेटीतील)

मधपेटीत चौकटी सोडून भलत्याच जागी मधमाश्यांनी बांधलेले पोळे. ते झाकणाला आतून चिकटते, दोन चौकटींना सांधते, नाहीतर चौकटीच्या बुडाशी लोंबते. जळगाव-धुळ्याकडे परसात, केळीच्या बागेच्या कडेला किंवा कांदा-बियाण्याच्या वावरात एखाददुसरी पेटी ठेवणाऱ्याला ते कधी ना कधी भेटतेच.

माशीच्या लेखी त्यात आगळीक काही नाही. पोळ्यांमधून ये-जा करायला तिला साधारण ६ ते ९ मिलिमीटरची वाट पुरते. हे माप लँगस्ट्रॉथ या अमेरिकी मधपाळाने १८५१ मध्ये हेरले आणि उचलत्या चौकटींची आजची पेटी त्यावरच उभी राहिली. वाट याहून रुंद दिसली की कामकरी माश्या तिथे मेण ओततात. बारीक फटी मेलिफेरा (युरोपीय) माशी राळेने बुजवते. आपली देशी सातेरी माशी राळ गोळाच करत नाही, तिचा सगळा कारभार मेणाचा. सातेरीच्या पोळ्यांमधले अंतरही कमी असते. म्हणून तिला मेलिफेराच्या मापाच्या पेटीत वसवले की वेडीवाकडी पोळी ठरलेलीच.

थोडक्यात, दोष बहुधा पेटी करणाऱ्याचा नाहीतर सांभाळणाऱ्याचा. एक चौकट कमी घातलेली असते, साखरपाकाची वाटी काढून जागा तशीच सोडलेली असते किंवा चौकटीत पोळ्याला पाया देणारा मेणपत्रा लावलेला नसतो. दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही: पोळे ओळंब्यात उतरते. पेटी बाजूला कलली असेल, तर चौकटीच्या वरच्या पट्टीपासून सुरू झालेले पोळे खाली शेजारच्या चौकटीत घुसते. गावच्या सुताराकडून पेटी करून घेताना पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची (स्थापना १९६२) किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाची मापे समोर ठेवावीत, आणि घोडीवर पेटी बसवताना पातळीनळी लावून पाहावी.

खानदेशात तिसरे कारण उन्हाचे. मेण वितळते ६२ ते ६४ अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा उघड्यावरच्या पेटीत मेणपत्रा पोटातून वाकतो आणि पुढचे बांधकाम त्याच बाकावर चढते. कडुनिंबाची सावली आणि वर ओले पोते हाच यावरचा उपाय.

पोळे काढायचे ते सकाळच्या गारव्यात. दुपारी मधाने भरलेले पोळे हातातच तुटते. धूर दिल्यावर झाकण सरळ वर ओढू नये. आधी किंचित फिरवावे, म्हणजे आतला सांधा सुटतो. सुटलेल्या तुकड्यावर राणी नाही ना, हे नीट पाहावे. ती आहे हे ध्यानात न येता तुकडा बादलीत गेला, तर वसाहत पोरकी होते. पिलावा (अंडी-अळ्या) असलेला तुकडा टाकू नये. त्यावरचा मधाचा भाग कापून उरलेला रिकाम्या चौकटीत, वरची बाजू वरच ठेवून, बांधावा. बांधायला केळीच्या सोपाची वाळकी पट्टी उत्तम, आणि खानदेशात ती विकत घ्यावी लागत नाही. पोळे चौकटीला चिकटले की माश्या तो सोप कुरतडून बाहेर टाकतात. नुसत्या नरमाश्यांच्या घरांचा तुकडा मात्र बेलाशक काढावा. मेलिफेराच्या पेटीत त्याबरोबर व्हरोआ गोचिडीही बाहेर जातात.

भर उन्हाळ्यात, फुलोरा संपलेला असताना, मोठी कापाकापी करू नये. त्या दिवसांत सातेरी आधीच निघून जायच्या बेतात असते, आणि चार वाकडी पोळी पावसाळ्यापर्यंत राहिली तर काही बिघडत नाही. पेटीच्या वरच्या-खालच्या कोठ्यांमधला मेणाचा छोटा सांधा माश्या शिडीसारखा वापरतात. तो चौकट उचलताना अडत नसेल तर राहू द्यावा.

कापलेले तुकडे पेटीखाली पडू देऊ नयेत. त्यावर मेणकिडा येतो, मुंग्या येतात, शेजारच्या वसाहतीच्या माश्या मध लुटायला येतात. गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळले की मूठभर मेण हाती लागते. नव्या चौकटीच्या पट्टीला चोपडायला ते पुरते.