चौकटीचे माप आणि भिंगाची तीक्ष्णता : प्रस्तावना

त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्याआधी त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. त्या काळच्या स्टुडिओतली ‘फुल प्लेट’ काच साडेसहा बाय साडेआठ इंचांची असे. तिच्यावर कागद दाबून छाप घेतला की चित्र तेवढेच निघे. भिंगाची उणीव वाढत नसे. मूकपटाची चौकट मात्र जेमतेम २४ बाय १८ मिमी. पाच मीटर रुंद पडद्यावर ती दोनशे पटींहून मोठी होते, आणि भिंगाने सोडलेली धूसरताही तितकीच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहताना हे ध्यानात घेतले, तर फाळक्यांच्या कामाविषयीचा आदर वाढतो.

भिंगांच्या या शास्त्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. ‘हे भिंग शार्प आहे का?’ असे कुणी विचारले, तर आधी विचारावे: चौकट केवढी आणि छाप केवढा? वाचनाच्या अंतरावरून डोळ्याला एका मिलिमीटरमध्ये साधारण ५ रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगळ्या दिसतात. ३०० मिमी रुंद छापासाठी ३६ मिमीच्या चौकटीवर भिंगाने मिलिमीटरला सुमारे ४२ जोड्या उमटवल्या पाहिजेत. फोनच्या ६ मिमी रुंद संवेदकावर २५०. एफ/८ ला मात्र हिरव्या प्रकाशाच्या विवर्तनाची, म्हणजे छिद्रातून जाताना होणाऱ्या पसरण्याची, मर्यादा सुमारे २२७ वरच येते. तिथे निर्दोष भिंगही हरते. फोनच्या भिंगांना एफ/१.८ सारखी मोठी छिद्रे लागतात, त्याचे एक कारण हेच.

म्हणून मोठ्या चौकटीची भिंगे जात्याच सरस ठरतात असे नाही. एकच रचना दुप्पट आकाराने घडवली, तर तिचे दोषही मिलिमीटरमध्ये दुप्पट होतात. चौकटीच्या मानाने हिशेब तोच राहतो. विवर्तनाचा ठिपका तेवढा एफ-क्रमांकावर ठरतो, चौकटीबरोबर वाढत नाही. मोठ्या मापाचा खरा फायदा इथे आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर विचारही हाच.

हे ताडून पाहायला नाशिककरांना फार लांब जायला नको. फाळके स्मारकाच्या मागच्या डोंगरावर, पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे. तो एकदा फोनने टिपा, एकदा ३६ बाय २४ मिमीच्या कॅमेऱ्याने. दोन्ही चित्रे फूटभर रुंद छापा आणि कडेच्या अक्षरांपासून वाचायला घ्या.