टू डिकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग
न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे फिरते चित्रप्रदर्शन. जपाननंतर १९६७ मध्ये ते दिल्लीच्या ललित कला अकादमीत भरले, पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. दिल्लीत समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गही आले होते. पोलॉक, रॉथ्को यांच्या अमूर्त चित्रांसोबत पॉप आर्टचे वॉरहॉल आणि लिक्टेनस्टाइन होते. सूपचे डबे, सिनेतारकांचे चेहरे, कॉमिकमधले छापील ठिपके ही साठच्या दशकातली रोजची अमेरिका या दोघांनी कॅनव्हासवर आणली. भारतीय पॉपचा उगम मात्र या प्रदर्शनात शोधणे चुकीचे. चित्रकार भूपेन खख्खर यांनी देवादिकांच्या बाजारी छापील चित्रांची कोलाज १९६५ मध्येच मुंबईच्या जहांगीर कलादालनात मांडली होती. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे तर १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. पॉपच्या ऐन भरात तिथे राहूनही ते अमूर्तातच रमले.