कामावर जाण्याची वाट कोणाची?

कोल्हापूरचा औद्योगिक इतिहास लिहिणारे बहुधा शाहू मिलपासून सुरुवात करतात. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही गिरणी वस्तीला लागूनच होती. भोंगा ऐकून निघालेला कामगार पायी पोहोचत असे. पुढे शिवाजी उद्यमनगरात फाउंड्री, लेथ आणि ऑइल इंजिनचे कारखाने वाढले, तेव्हाही सायकल पुरत होती. कामगार कामावर येतो कसा, हा प्रश्न कोणाला पडला नाही आणि त्यामुळे तो कागदावरही आला नाही.

नंतर कारखाने शहराबाहेर गेले. आधी शिरोली आणि गोकुळ शिरगाव, मग कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. कामगाराचे घर मात्र पेठेत किंवा गावातच राहिले. मधले अंतर काही काळ एसटी आणि केएमटीने भरून काढले, नंतर दुचाकीने. आज पाळी सुटली की महामार्गावर काय होते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

या गर्दीचा धनी कोण? आपला उत्तर देण्याचा रिवाज ठरलेला आहे : रस्ता रुंद करा, पूल बांधा. अमेरिकेत काही गावांनी वेगळे उत्तर शोधले. कॅलिफोर्नियातील प्लेझंटन या छोट्या शहराने १९८४ मध्ये मोठ्या आस्थापनांनाच वाहनफेऱ्या कमी करण्याची जबाबदारी दिली. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस परिसराच्या हवा-नियंत्रण मंडळाने हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर राबवायचे ठरवले. एका ठिकाणी शंभर किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर मालकाने सकाळी येणारी माणसे आणि त्यांची वाहने मोजायची. माणसांना वाहनांनी भागले की येणारा आकडा ठरावीक पातळीवर न्यायचा. दीड म्हणजे तीन माणसांमागे दोन वाहने. त्यासाठी कंपनीची बस, एकत्र प्रवास, वेळांची फेररचना असा आराखडा दरवर्षी द्यायचा.

सुधारणा झाली, पण थोडी. खर्चाची ओरड मात्र मोठी झाली. १९९५ मध्ये राज्याच्या आणि केंद्राच्या विधिमंडळांनी या सक्तीचा कणाच काढून घेतला. वॉशिंग्टन राज्याचा १९९१ चा कायदा मात्र टिकला. तेथे प्रामाणिक प्रयत्नाला मान होता आणि स्थानिक संस्थांनाही सोबत घेतले होते.

आपल्याकडे नियम आहेत, पण त्यांचा रोख उलटा आहे. २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कारखान्याने व कार्यालयाने किमान किती गाड्यांची जागा ठेवावी, याचे कोष्टक आहे. गाड्या कमी कशा येतील, याचे कोष्टक नाही. म्हणजे कायदा गाडी गृहीत धरतो.

तरीही मालकाचा प्रवासाशी संबंध नाही, असे आपला कायदा म्हणत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे, तर त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकानेच करायची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळीच्या वेळा लेखी लावण्याचे आणि निरीक्षकाला कळवण्याचे बंधन घातले होते. शेजारच्या दोन कारखान्यांच्या पाळ्या अर्ध्या तासाने मागेपुढे करायला नवा कायदा लागत नाही.

अडचण हद्दीची आहे. १९७२ मध्ये महापालिका झाली, पण पुढची अनेक दशके शहराची हद्द वाढली नाही. कारखाने ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात, गर्दी शहराच्या तोंडावर आणि बस महापालिकेची! २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. हद्दवाढीचा वाद न उकरता कारखाने, केएमटी आणि ग्रामपंचायती यांना एका टेबलाशी बसवू शकेल, अशी जागा मला तरी तिथेच दिसते.

पहिले काम दंडाचे नसून मोजणीचे आहे. प्रत्येक मोठ्या कारखान्याने वर्षातून एकदा गेटवर माणसे आणि वाहने मोजून आकडा जाहीर करावा. शंभर वर्षांत आपण उत्पादन मोजले, कामाचे तास मोजले, पगार मोजला. कामगाराची वाट तेवढी मोजायची राहिली.